लाज नाही वाटत का गं तुला?

गेल्या वर्षीच्या जानेवारीतली गोष्ट. सकाळचे पावणेसात वगैरे झाले असतील, नदीवर धुकं इतकं होतं की पलीकडचा काठ दिसतच नव्हता, आणि नाशिकच्या गोदापार्कच्या त्या वळणावर, जिथे पायऱ्या खाली पाण्याकडे उतरतात, तिथून अचानक एक काका वर आले. कानटोपी, हाफ स्वेटर, हातात लाल पट्टा आणि पट्ट्याच्या टोकाला लॅब्राडॉरचं पिल्लू, तीन-साडेतीन महिन्यांचं असेल, पंजे अंगापेक्षा मोठे. मध्ये अंतर फार तर सहा-सात पावलांचं. पुढचं सगळं दोन-तीन सेकंदांत झालं. खारी मागच्या दोन पायांवर उभी, घशातून तो चिरका फाटलेला आवाज, पट्टा माझ्या तळव्यातून सर्रकन सरकला आणि कातडी सोलवटून निघाली. ते पिल्लू जागच्या जागी मुतलं. काकांनी त्याला उचलून छातीशी घेतलं, माझ्याकडे बघितलं, बोलले काहीच नाहीत. मी त्यांना चार वेळा सॉरी म्हणाले. आणि मग पट्टा दोन्ही हातांनी ओढत, दात आवळून खारीला म्हणाले, "लाज नाही वाटत का गं तुला?"

कुत्र्याला म्हणाले मी हे.

घरी येईपर्यंत तिच्याशी बोलले नाही. लिफ्टमध्ये ती कोपऱ्यात उभी राहून धापा टाकत होती, एवढ्या थंडीत. दारात टॉवेलने तिचे चारही पाय पुसले, रोजच्यासारखे, आणि ती आत गेली तसे स्वयंपाकघराच्या फरशीवर ओले पंजे उमटत गेले. मला वाटलं नीट पुसले गेले नाहीत. परत पुसले. परत उमटले. मग लक्षात आलं की हा घाम आहे. कुत्र्यांना आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, पंजांच्या गाद्यांना येतो, आणि घाबरल्यावर जास्त येतो, जसा आपल्या तळहातांना परीक्षेच्या वेळी येतो ना तसाच. आई ओट्याशी चहा गाळत होती, ती म्हणाली, "अगं, काय झालं तिला?" आणि माझा घसा एकदम दाटून आला. जिच्या पायांना भीतीने पाणी सुटलंय तिला मी भर रस्त्यात लाज वाटते का म्हणून विचारून आले होते.

खारी आमच्याकडे आली एप्रिल २०२० मध्ये. सोसायटीच्या मागच्या साईटवर काम बंद पडलेलं, मजूर निघून गेलेले, आणि सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांच्या ढिगात हे एकटंच केकाटत होतं, पाच-सहा आठवड्यांचं. रंग बेकरीतल्या खारीसारखा, वरून भाजलेला, पोटाकडे फिकट, म्हणून खारी. तेव्हा मला वाटलं होतं की काय नशीब काढलंय या पिल्लाने, मी दिवसभर घरात, आई घरात, पिल्लाला एक मिनिट एकटं राहावं लागत नाही. लसी पूर्ण होईपर्यंत खाली न्यायचं नाही असं सांगितलेलं, पार्व्होची, म्हणजे पिल्लांच्या त्या जीवघेण्या रोगाची, भीती खरीच असते, आणि न्यायचं म्हटलं तरी बाहेर होतं काय, रिकामे रस्ते आणि तोंड झाकलेली माणसं. जूनमध्ये जरा उघडायला लागलं तेव्हा ती साडेतीन महिन्यांची झाली होती. फार नंतर मला कळलं की कुत्र्याच्या आयुष्यात साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत एक काळ असतो, त्या काळात जे जे भेटेल ते ओळखीचं होऊन जातं, दुसरी कुत्री, छत्र्या, सायकली, लंगडणारा माणूस, सगळं. त्यानंतर नवीन काही दिसलं की आधी संशय येतो. अमेरिकेत बार हार्बरला जॅक्सन लॅबोरेटरीत स्कॉट आणि फुलर या दोघांनी वर्षानुवर्षं पिल्लं वाढवून हे अभ्यासलं आणि १९६५ मध्ये छापलं, म्हणजे माझ्या जन्माच्याही आधीपासून हे माहीत आहे. आणि खारीचे त्यातले बहुतेक आठवडे आमच्या टू बीएचकेमध्ये गेले, आमच्या दोघींच्या पायांशिवाय दुसरं काही न बघता. त्यात दहा महिन्यांची असताना जेहान सर्कलच्या पुढे एका गल्लीत तीन कुत्र्यांनी तिला घेरलं. चावली नाहीत, नुसतं भिंतीशी दाबून ठेवलं, मिनिटभर असेल. पण ती पट्ट्याला बांधलेली होती, पळता येत नव्हतं, आणि पट्टा धरलेली मी नुसती हट हट ओरडत होते.

त्या दिवसापासून कुत्रं दिसलं की भुंकायचं, अंगावर जायचं. घरात हीच खारी आईच्या पायाशी पोट वर करून झोपते, दूधवाल्याच्या मुलाने तिचे कान ओढले तरी ढिम्म. खाली गेलं आणि पन्नास पावलांवर कुत्रं दिसलं की दुसरीच कोणीतरी. सोसायटीत मग सुरू झालं, "तुमची कुत्री डेंजर आहे हो", "वळण लावायला पाहिजे होतं लहानपणी", "एकटं ठेवता का तिला?" लिफ्टमध्ये लोक मला बघून "तुम्ही जा पुढे" म्हणायला लागले. मी रात्री अकरानंतर आणि पहाटे साडेपाचला फिरवायला लागले, चोरासारखी.

मग २०२२ मध्ये एक ट्रेनर लावला. नाव लिहीत नाही. आल्या आल्या पाच मिनिटांत त्याने निकाल दिला की ही तुम्हाला डॉमिनेट करते, तुम्ही अल्फा व्हा, म्हणजे कळपाचा म्होरक्या. गळ्यात चोक चेन घातली, ओढली की गळा आवळणारी साखळी, आणि शिकवलं की समोर कुत्रं दिसलं रे दिसलं की एक जोरदार झटका. हे अल्फा प्रकरण आलं कुठून ते मी नंतर शोधलं. १९४७ मध्ये शेंकेल नावाच्या माणसाने प्राणिसंग्रहालयात कोंडलेल्या, एकमेकांशी नातं नसलेल्या लांडग्यांवरून ते लिहिलं होतं, आणि ज्या डेव्हिड मीच यांच्यामुळे ते जगभर पोचलं त्यांनीच १९९९ मध्ये स्पष्ट मांडलं की रानातला लांडग्यांचा कळप म्हणजे साधं कुटुंब असतं, आईबाप आणि पोरं. पण तेव्हा मला काय माहीत. मी झटके दिले. आणि खरं सांगते, तीन आठवड्यांत भुंकणं बंद झालं. मी बहिणीला फोन करून सांगितलं, सुधारली गं खारी. ती गप्प चालायची, मान खाली, शेपूट पायात, आणि मला ते शहाणपण वाटायचं.

एका संध्याकाळी आनंदवल्लीत एका बंगल्याच्या गेटमागे पांढरं स्पिट्झ उभं होतं. साखळीला बांधलेलं, काही करत नव्हतं. खारीने त्याच्याकडे बघितलं, आवाज केला नाही, गुरगुरली नाही, आणि मी झटका देताक्षणी वळून माझी मांडी धरली. जीन्स होती म्हणून वाचले, तरी चार ठिपके उमटले, दोन वर दोन खाली. चावल्यावर तिने लगेच सोडलं आणि जमिनीला पोट टेकून माझ्याकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांची पांढरी कड दिसत होती. रस्त्यावरच्या दिव्याखाली मी मांडी दाबत उभी आणि ती तशी खाली. किती वेळ गेला माहीत नाही.

आता कळतं की त्या तीन आठवड्यांत तिची भीती तसूभरही कमी झाली नव्हती. उलट दर वेळी कुत्रं दिसलं की गळा आवळला जातो, एवढंच तिला कळलं होतं, म्हणजे कुत्री वाईटच असतात हे मी माझ्या हाताने तिला शिकवत होते. आणि ती जे गुरगुरून सांगायची, लांब राहा, जवळ येऊ नका, ते सांगणंच मी बंद करून टाकलं होतं. गुरगुरणं म्हणजे कुत्र्याचं बोलणं आहे हो. ते बंद केलं की मग दातच उरतात. अमेरिकेतल्या पशुवर्तनाचा अभ्यास करणाऱ्या व्हेट लोकांच्या संघटनेने २०२१ मध्ये लिहून ठेवलंय की अशी त्रास देणारी साधनं कुठल्याही परिस्थितीत वापरू नका. आपल्याकडे अजून पेट शॉपमध्ये चोक चेन रांगेत लटकलेल्या असतात, छोट्या, मध्यम, मोठ्या.

चेन मी माळ्यावर टाकली. पण त्यानंतर काय करायचं ते माहीत नव्हतं, म्हणून दोन वर्षं मी फक्त टाळत राहिले. आणि मग तो जानेवारी, ते धुकं, ते पिल्लू.

यावेळी आधी व्हेटकडे गेले. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, आधी दुखतंय का काही ते बघू, अंग दुखत असेल तर माणूसही चिडचिडा होतो. रक्त तपासलं, सांधे दाबून बघितले, कानात बघितलं तर डाव्या कानात आत खोल इन्फेक्शन. कधीपासून होतं देव जाणे. मी रोज त्याच कानाला कुरवाळत होते. औषधाने महिन्याभरात कान बरा झाला, त्याने थोडा फरक पडला, सगळा नाही. मग मॅडमनीच पुण्याच्या एका मुलीचा नंबर दिला, बिहेविअरिस्ट, म्हणजे कुत्र्यांच्या वागण्यावर काम करणारी, व्हिडिओ कॉलवर भेटते. माझ्यापेक्षा पंधरा-सोळा वर्षांनी लहान. मी तिला पाठवायला म्हणून आमच्या फिरण्याचे व्हिडिओ काढले होते, शेजारच्या मुलाने मागून चालत काढलेले. तिने तिसऱ्या व्हिडिओला थांबवलं आणि म्हणाली, "ताई, खारीला बघू नका आता. तुमचा हात बघा."

मी बघितलं. गल्लीच्या तोंडाशी एक कुत्रं येतं. खारीचं नाक अजून गवतात आहे, तिला काही माहीतच नाही. आणि माझा हात पट्टा गुंडाळतोय. एक वेढा, दुसरा वेढा, कोपर अंगाशी, पट्टा ताठ. तेव्हा कुठे खारी मान वर करते.

तो हात बघून मला दुसराच हात आठवला. १९९१ चा सिंहस्थ, मी आठ वर्षांची. आम्ही तेव्हा पंचवटीत राहायचो, काळारामाच्या मागच्या गल्लीत, वाड्यात दोन खोल्या. शाही स्नानाचा दिवस, आई मला साधूंची मिरवणूक दाखवायला घेऊन गेली होती. गर्दी होती पण मला मजा वाटत होती, भस्म लावलेले साधू, झेंडे, डमरू, कुठूनतरी झेंडूचा आणि घामाचा आणि ओल्या कपड्यांचा वास. आणि मग आईने माझं मनगट एकदम आवळलं. इतकं की तिच्या हिरव्या बांगडीची कड माझ्या हाडाला रुतली. मी वर बघितलं तर तिचा चेहरा पांढरा. त्याच क्षणी ती मजा संपली, डमरूचा आवाज भीतीदायक झाला, साधू भीतीदायक झाले, मी रडायला लागले आणि आई म्हणाली, "रडतेस काय, लाज नाही वाटत?" झालं काहीच नव्हतं. पुढे पोलिसांनी दोर बांधला होता तिथे लोक जरा थबकले होते, एवढंच. पण मला आजही गर्दीत श्वास घेता येत नाही, रंगपंचमीला रहाडीकडे, त्या रंगाच्या हौदाकडे, मी फिरकत नाही, आणि त्याचं कारण गर्दी आहे की ते मनगट आहे हे मला सांगता येणार नाही. हे मी आईला त्या दिवशी विचारलं. ती विचार करून म्हणाली, "मला नाही बाई आठवत हात दाबलेला. मला फक्त तू सुटशील असं वाटलं होतं." मग बराच वेळ गप्प बसून म्हणाली, "लाज म्हणाले होते का मी तुला? लोक बघत असतील आजूबाजूला."

लोक बघत असतील. माझंही तेच होतं. इतकी वर्षं मी रस्त्यावर खारीकडे बघतच नव्हते, मी लोकांकडे बघत होते.

त्या मुलीने शिकवलेल्या गोष्टी ऐकायला साध्या होत्या. पहिली म्हणजे अंतर. प्रत्येक कुत्र्याची एक हद्द असते, तिच्या पलीकडे समोरचं कुत्रं असेल तर ते बघू शकतं, विचार करू शकतं, खाऊ खाऊ शकतं. हद्दीच्या आत आलं की डोकं बंद. तिथे तुम्ही बस म्हणा, हाक मारा, पनीर नाकाला लावा, काही पोचत नाही. खारीची हद्द तेव्हा चाळीस पावलांची निघाली, आम्ही मोजली. आणि मी तिला सहा पावलांवर शहाणपण मागत होते. दुसरी गोष्ट, क्रम. आधी कुत्रं दिसायला हवं, मग पनीर. मी उलटं करायचे, कुत्रं येताना मला दिसलं की घाईघाईने तिला पनीर भरवायचे म्हणजे तिचं लक्ष जाणार नाही, आणि त्याने झालं असं की पनीर दिसलं की ती दचकून आजूबाजूला कुत्रं शोधायला लागली. पाव्हलॉव्हची कुत्री आपण शाळेत शिकलो, त्या माणसाला १९०४ चं नोबेल मिळालं ते खरं तर पचनाच्या कामासाठी, पण त्याची कुत्री खाणं आणणाऱ्या माणसाच्या नुसत्या चाहुलीनेच लाळ गाळायला लागली हे त्याच्या लक्षात आलं. आधी चाहूल, मग खाणं. आम्हालाही तेवढंच करायचं होतं, लांबवरचं कुत्रं ही पनीर येण्याची चाहूल व्हायला हवी. कुत्रं दिसेनासं झालं की पनीरही बंद.

पनीर आई कापते. रोज रात्री जेवणं झाली की ती पाट घेऊन बसते आणि हरभऱ्याएवढे तुकडे करते, मोठे झाले तर चालत नाही, चावत बसली की क्षण निघून जातो हे तिला मी एकदाच सांगितलं. चौऱ्याहत्तर वय आहे, बोटं थोडी थरथरतात, पण तुकडे एकसारखे. डबीत भरून फ्रीजमध्ये ठेवते आणि वर म्हणते, "उद्याचे सव्वाशे आहेत."

मे महिन्यापर्यंत आम्ही नुसतं लांबून बघत होतो. सोमेश्वरच्या बाजूला एक मोकळी जागा आहे, तिथून रस्ता दिसतो, रस्त्यावरून सकाळी दहा-बारा कुत्री जातात. आम्ही बाभळीखाली बसायचो. खारी बघायची, कान पुढे, तोंड मिटलेलं. हे तोंड मिटणं मी तिथे शिकले. आधी सैल उघडं असलेलं तोंड एकदम मिटतं, मग जीभ एकदा नाकावरून फिरते, मग अंगभर एक ताठरपणा, मग पाठीवरचे केस, आणि हे सगळं होऊन गेल्यावर भुंकणं. मला फक्त शेवटचं ऐकू यायचं इतकी वर्षं. पाठीवरचे केस उभे राहणं म्हणजे आपल्या अंगावरचा शहारा, ते तिच्या हातात नसतं. आणि शेपटीचं तर विचारू नका. लोक म्हणतात, अहो हलवतेय की शेपूट, खेळायचंय तिला. इटलीतल्या बारी विद्यापीठातल्या लोकांनी २००७ मध्ये दाखवलंय की मालक दिसला की कुत्र्यांची शेपूट त्यांच्या उजवीकडे जास्त जाते आणि अनोळखी दांडगं कुत्रं दिसलं की डावीकडे. मी खारीची बघते आता. घरी आल्यावर उजवीकडे, अगदी कंबरेसकट. सी विंगमधला गोल्डन मात्र तिच्यासारखाच भुंकतो, तसाच पट्टा ताणतो, पण त्याला खरंच भेटायचं असतं, पट्टा सोडला तर जाऊन लोळण घेतो. बाहेरून दोघांचं सारखंच दिसतं, एकाला जवळ जायचंय आणि एकीला लांब.

बाल्कनीतून मी गल्लीतली कुत्री पण बघायला लागले. आमच्या गल्लीचा काळ्या आहे, आणि मध्येच खालच्या अंगाचं कोणी नवीन येतं. दोघं कधीच सरळ एकमेकांसमोर चालत जात नाहीत. काळ्या जमीन हुंगायला लागतो, नवीन कुत्रं मान वळवतं, मग दोघं मोठा वळसा घेत, चंद्रकोरीसारखा, एकमेकांच्या बाजूने मागे जातात, हुंगतात, आणि आपापल्या वाटेने. वाड्यातल्या मोत्याचं पण असंच होतं. मोत्या कोणाचाच नव्हता, सगळ्यांचा होता, त्याला पट्टा नव्हता, नको असेल तर तो ओसरीखाली जाऊन बसायचा, विषय संपला. खारीला मी फुटपाथवरून नाकासमोर समोरच्या कुत्र्याच्या तोंडावर घेऊन जायचे आणि पट्टा ताठ धरायचे. तिला वळसाही घेता येत नव्हता आणि ओसरीही नव्हती. आता लांब पट्टा आहे, हार्नेस आहे, समोर कोणी आलं की आम्ही उभ्या गाडीमागे जातो, गेटमध्ये शिरतो, नाहीतर सरळ मागे फिरतो. मागे फिरताना मी "चल चल चल" म्हणते, गाण्यासारखं, आणि ती पळते माझ्याबरोबर. लोक बघतात. बघू देत.

सगळ्यात त्रास होतो तो पट्टा न लावता कुत्रं फिरवणाऱ्या लोकांचा. लांबून मोठं कुत्रं धावत येतं आणि त्याच्या मागून मालक आरामात, "काही नाही करत हो, फ्रेंडली आहे!" अहो, तुमचं असेल फ्रेंडली, माझी घाबरते, तिला कोणी विचारायचं? एका सकाळी तीन आठवड्यांची मेहनत अशा एका फ्रेंडलीने धुऊन काढली. आता माझ्या डाव्या खिशात वेगळा खाऊ असतो, मूठभर, तो मी धावत येणाऱ्या कुत्र्याच्या पुढ्यात फेकते आणि ते खात असेपर्यंत आम्ही निघतो. गल्लीतल्या कुत्र्यांनाही तेच. आधी काठी न्यायचे, ती सोडली, काठी उचलली की दोन्हीकडची कुत्री पेटायची.

आणि दिवस दिवस असतात. एका गोष्टीवर एक चढत जातं. सकाळी घंटागाडीचा भोंगा, मग कुरिअरवाल्याची बेल तीनदा, मग पार्किंगमध्ये मांजर, आणि संध्याकाळी साठ पावलांवरचं कुत्रं बघून ती फुटते, जे काल तिला वीस पावलांवर चाललं होतं. मला आधी वाटायचं सगळं वाया गेलं. आता अशा दिवसानंतर दोन दिवस बाहेर नेतच नाही गर्दीत, मोठा झटका बसला की अंगातला ताण उतरायला वेळ लागतो. घरीच जुन्या चादरीच्या घड्यांत दाणे लपवते, ती नाकाने शोधत बसते अर्धा-अर्धा तास, आणि हुंगून हुंगून शेवटी मोठा सुस्कारा टाकून झोपते. दिवाळीचे पाच दिवस आम्ही पुस्तक मिटतोच. यंदा सिंहस्थाच्या कामांमुळे आमचा नेहमीचा रस्ता खोदलाय, दोन्ही बाजूंनी पत्रे आणि मध्ये बोळ, तिथून समोरून कुत्रं आलं तर वळायला जागा नाही, म्हणून लांबून जातो.

मैत्रिणी कुत्र्यांना घेऊन धरणावर जातात, फोटो टाकतात, पाच-सहा कुत्री पाण्यात. मला वाईट वाटतं. अजून वाटतं. खारी कधी त्या फोटोत नसेल हे मला त्या पुण्याच्या मुलीने पहिल्याच महिन्यात सांगून टाकलं, म्हणाली, ताई तिला मित्र नकोयत, तिला फक्त कोणी त्रास देणार नाही एवढी खात्री हवीय. त्या रात्री मी रडले. खारी आली आणि तिने माझ्या गुडघ्यावर हनुवटी ठेवली, आणि मला कळेना की मी नेमकी कोणासाठी रडतेय.

काका मला मेच्या शेवटी भेटले, भाजीच्या गाडीवर, हातात पुदिना. मी मान खाली घालून निघणार तेवढ्यात तेच म्हणाले, "ताई, तुमची कुत्री बरी आहे ना? त्या दिवशी फार घाबरली होती बिचारी." पाच महिने मी गोदापार्कवर पाय ठेवला नव्हता या माणसाच्या नजरेच्या धाकाने, आणि हा माणूस बरी आहे ना विचारत होता. मी त्यांना तिथेच उन्हात उभं राहून सगळं सांगितलं, भाजीवाल्या मावशीही ऐकत होत्या. मग मी पिल्लाचं विचारलं. राजा नाव त्याचं. काका जरा थांबले, म्हणाले, "पंधरा दिवस त्या वळणावर येईना. पायऱ्या दिसल्या की बसकण मारायचा." साडेतीन महिन्यांचं पिल्लू होतं ते. जेहान सर्कलला खारीबरोबर जे झालं ते खारीने त्याच्याबरोबर केलं होतं, आणि पट्टा दोन्ही वेळा माझ्याच हातात होता. काका म्हणाले, "नाही नाही, आता मस्त आहे. मी पण असंच केलं, लांबून लांबून नेला. चाळीस वर्षं प्रेसच्या मशीनवर काढली ताई, मला घाई नाही कसलीच. तुम्हाला लांब उभं राहणारं कोणी पाहिजे असेल तर सांगा."

तेव्हापासून आठवड्यातून दोनदा. मंगळवार आणि शनिवार. ते नवश्या गणपतीच्या बाजूने येतात, आम्ही दुसऱ्या टोकाने, आणि समांतर चालतो, मध्ये गवताचा मोठा पट्टा. जूनमध्ये चाळीस पावलं. पावसाळ्यात पुराचं पाणी वर आलं तेव्हा महिनाभर बंद होतं, मग परत पन्नासपासून. दिवाळीनंतर सदतीस, तीस. राजा आता भला मोठा झालाय, खारीच्या दीडपट, त्याला आमच्याकडे यायचं असतं, काका त्याला बिस्किट देऊन देऊन थोपवतात.

परवा शनिवारी परत धुकं होतं. काका मला दिसायच्या आधी त्यांच्या चपलांचा आवाज आला. माझा हात पट्ट्यावर गेला आणि मी तो सोडला, बोटं उघडली, एक एक करून. धुक्यातून राजाचं पिवळट अंग दिसायला लागलं, नेहमीपेक्षा जवळ, पंधरा-सोळा पावलांवर असेल. खारीचं तोंड मिटलं. कान पुढे. जीभ एकदा नाकावरून. मी श्वास धरला होता हे मला नंतर कळलं. ती बघत राहिली, मनात पाच मोजले असतील मी, आणि मग मान वळवून तिने माझ्याकडे बघितलं. पनीर कुठाय?

दिलं. एक, दोन, तीन, हरभऱ्याएवढे. तिने ते खाल्ले, सगळं अंग झटकलं, पाण्यातून आल्यासारखं कानांपासून शेपटीपर्यंत, आणि गवतात नाक घातलं.

पलीकडून काकांनी हाक दिली, "ताई, एवढं लांब चालेल का तिला, की मागे जाऊ?"

मी खारीकडे बघितलं.

"दोनच पावलं मागे घ्या काका," मी म्हणाले.